पृथ्वीच्या पोटातील पॉवर हाऊस

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

‘पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत घोकलेले आहे. परीक्षेत त्याला दोन गुण हमखास मिळतात, म्हणून त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. हे वाक्य मूळचे विल्यम गिल्बर्ट यांचे. हे इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचे वैद्य होते आणि १६०० साली त्यांनी लोहचुंबकावर एक ग्रंथ लिहिला. त्या काळी होकायंत्राची सुई ध्रुवतारा ओढतो, असे अनेकांना वाटे. कोणी उत्तरेकडे चुंबकाचा डोंगर आहे असेही सांगत. सुईला ओढणारी गोष्ट आकाशात नसून आपल्या पायांखाली आहे, हे म्हणायला त्या काळी धाडस लागत होते. गिल्बर्टांना माझा नमस्कार आहे. तथापि चारशे वर्षांनंतरही आपण त्यांचेच वाक्य जसेच्या तसे लिहून गुण घेत असू, तर मात्र विचार करायला हवा. कारण शब्दशः घेतले तर ते वाक्य खोटे आहे.

लोखंडाचा चुंबक तापवीत गेले की सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. जमिनीत खोल जावे तसतशी उष्णता वाढते, हे खाणीत उतरणाऱ्या कोणत्याही कामगाराला ठाऊक असते. वरच्या थरांत ही वाढ किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश असते. म्हणजे काही दहा किलोमीटर खाली गेल्यावर कोणताही खडक वा धातू कायमचा चुंबक म्हणून राहूच शकत नाही. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, आणि जेथे लोखंड खरोखर आहे त्या गाभ्याचे तापमान चार हजार अंशांच्या आसपास सुरू होऊन मध्याकडे पाच हजारांच्या पुढे जाते. इतक्या भट्टीत कसला आला आहे लोहचुंबक! मग होकायंत्राची सुई हलते ती कोणाच्या जोरावर?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पुस्तकाइतकीच मदत माझ्या आजोबांची झाली, हे येथे सांगितले पाहिजे. मी ठाकुर्लीचा. आमच्या गावाची आज ओळख म्हणजे डोंबिवली आणि कल्याण यांच्यामधले, जलद गाडी न थांबणारे स्टेशन. पण एके काळी येथे रेल्वेचे स्वतःचे वीजघर होते. चोळे गावाजवळचे म्हणून ‘चोळा पॉवर हाऊस’. कोळसा जाळून वाफ, वाफेवर फिरणारी चक्रे, आणि त्यातून मुंबईच्या लोकलगाड्यांना वीज. १९८० च्या दशकात ते बंद पडले. माझा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. मी पाहिले ते फक्त अवशेष. आजोबा जुन्नरकडून येथे आले ते त्याच वीजघरात हमाल म्हणून, आणि पुढे यंत्रघरात मदतनीस झाले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे मी काय वाचतो याची त्यांना फार उत्सुकता असते.

मी त्यांना सांगितले, की शास्त्रज्ञांच्या मते पृथ्वीच्या पोटात चुंबक नाही, जनित्र आहे. त्यांनी लगेच विचारले, “एक्सायटर कुठाय?” मला काही कळेना. मग त्यांनी समजावले. नुसते चक्र फिरवून वीज येत नाही. तारेचे वेटोळे चुंबकासमोर फिरले तरच त्यात वीज उपजते. मोठ्या जनित्रातला चुंबक हा घोड्याच्या नालासारखा कायमचा चुंबक नसतो. तोही विजेवरच चालतो. ती वीज पुरवायला त्याच दांड्यावर एक छोटे जनित्र बसवलेले असते, तो एक्सायटर. आणि त्या छोट्याला वीज कोण देते? तो स्वतःच स्वतःला देतो. त्याच्या लोखंडात मागच्या खेपेचे किंचितसे चुंबकत्व शिल्लक असते. चक्र फिरू लागले की त्या किंचित चुंबकत्वामुळे किंचित वीज होते, ती वीज चुंबकाला थोडी बळकटी देते, बळकट चुंबकामुळे अधिक वीज होते, आणि बघता बघता यंत्र भरात येते.

वाचकहो, पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आजचा सर्वमान्य सिद्धांत नेमका हाच आहे. त्याला स्वयंउत्तेजित जनित्राचा सिद्धांत म्हणतात. आजोबांनी त्यावर आक्षेपही असा घेतला, की तो खोडायला शास्त्रज्ञांना कित्येक दशके लागली होती. ते म्हणाले, “अरे, पण आमच्या तारेला कापूस, कागद, वॉर्निश सगळं लावलेलं असायचं. तुझ्या त्या लोखंडाच्या रश्शात सगळंच उघडं. शॉर्ट होईल की!”

हा ‘रस्सा’ कोठे आहे ते भूगोलाच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. वर भूकवच, त्याखाली सुमारे २,८९० किलोमीटरपर्यंत प्रावरण, त्याखाली गाभा. भूकंपाच्या लहरींपैकी ज्या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत त्या गाभ्याशी अडतात, यावरून बाह्य गाभा वितळलेला आहे हे कळले. १९३६ साली इंगे लेमान या डॅनिश विदुषींनी त्याच्याही आत आणखी एक गाभा असल्याचे लहरींवरूनच दाखवले. हा आंतर गाभा घन असून सुमारे ५,१५० किलोमीटर खोलीवर सुरू होतो. मधला जो जवळपास २,२६० किलोमीटर जाडीचा थर, तो लोखंड, थोडे निकेल आणि काही हलकी द्रव्ये यांचा वितळलेला रस. दाब अफाट असला तरी हा रस फार घट्ट नाही. अंदाज असा आहे, की त्याचा प्रवाहीपणा जवळपास पाण्यासारखाच असावा. खळखळणारे, वीज वाहून नेणारे लोखंडाचे पाणी!

अशा उघड्या द्रवात जनित्र चालेल का? जोसेफ लार्मर यांनी १९१९ साली सूर्याच्या डागांविषयी बोलताना ही कल्पना प्रथम मांडली. पुढे १९३४ मध्ये टॉमस काउलिंग यांनी गणिताने असे सिद्ध केले, की अक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखे असलेले चुंबकीय क्षेत्र अशा जनित्राला टिकवताच येणार नाही. म्हणजे लार्मर यांचा मार्ग बंदच झाला असे पुष्कळांना वाटले. पण काउलिंग यांचा निकाल नीट वाचला तर त्यात पळवाट आहे. सुबक, सममित प्रवाह चालणार नाही. वेडावाकडा, पीळदार प्रवाह असेल तर दार उघडे आहे. १९४० आणि ५० च्या दशकांत वॉल्टर एल्सासर आणि एडवर्ड बुलार्ड यांनी त्या दारातून आत जाण्याचा यत्न केला. निसर्गाला येथे नीटनेटकेपणा चालत नाही, ही गोष्ट मला तरी फार दिलासा देणारी वाटते.

पीळ कशासाठी, ते सांगतो. वितळलेला धातू हलतो तेव्हा चुंबकीय बलरेषा जणू त्यात गोठल्यासारख्या त्याच्याबरोबर ओढल्या जातात. आता माझी धाकटी बहीण वेणीला रबरबँड लावते ते आठवा. ती रबराचे कडे ओढते, त्याला पीळ देऊन आठच्या आकड्यासारखे करते, आणि दुमडून पुन्हा वेणीवर चढवते. एका फेऱ्याच्या जागी दोन फेरे झाले! पुन्हा केले की चार. गाभ्यातला द्रव बलरेषांशी हेच करतो: ओढणे, पिळणे, दुमडणे. रबर ताणायला जोर लागतो, तो जोर कडेच्या घट्टपणात साठतो. तसाच प्रवाहाचा जोर चुंबकीय क्षेत्रात साठतो. नुसते ओढले आणि पीळ दिला नाही, तर फेरे वाढत नाहीत.

मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, तेव्हा समीकरण लिहून दाखवण्याचा आव आणत नाही. पण त्या विषयातले जे मुख्य समीकरण आहे, ते वाण्याच्या खातेवहीसारखे आहे. जमेच्या बाजूला प्रवाहाने ओढून-पिळून वाढवलेले क्षेत्र. खर्चाच्या बाजूला धातूच्या विद्युतरोधामुळे विरून जाणारे क्षेत्र. आजोबांचे ‘शॉर्ट होईल’ म्हणजे हीच खर्चाची बाजू. प्रवाह थांबला तर पृथ्वीचे मुख्य चुंबकीय क्षेत्र काही दहा हजार वर्षांत विरून जाईल. परंतु तीन अब्ज वर्षांहून जुन्या खडकांतही चुंबकत्वाची नोंद सापडते. म्हणजे हे खाते कधीच बुडालेले नाही. कोणीतरी सतत जमा करीत आहे.

जमा खर्चाहून जास्त व्हायची, तर एकतर प्रवाह जोराचा हवा किंवा भांडे मोठे हवे. येथे पृथ्वीने मोठ्या भांड्याचा मार्ग पत्करला आहे. बाह्य गाभ्यातला प्रवाह किती वेगाने वाहतो? सेकंदाला सुमारे अर्धा मिलिमीटर. गोगलगाय बरी! वर्षाचा हिशेब केला तर पंधरा-सोळा किलोमीटर भरतात, म्हणजे ठाकुर्लीहून निघून ठाण्याला पोहोचायला त्याला वर्ष लागेल. (पावसाळ्यात आमच्या लोकलचीही कधी कधी अशीच गत होते, पण तो विषय वेगळा.) तरीही २,२६० किलोमीटर जाडीच्या भांड्यात एवढा वेग पुरतो; जमा खर्चाच्या जवळपास हजारपट होते. उलट प्रयोगशाळेत हेच करायचे तर भांडे लहान, म्हणून वेग प्रचंड लागतो. लाटव्हियात रीगा येथे आणि जर्मनीत कार्ल्सरूह येथे वितळलेले सोडियम नळ्यांतून जोराने फिरवून असे जनित्र प्रथम पेटवता आले, ते १९९९ च्या सुमारास. लार्मर यांच्या कल्पनेनंतर तब्बल ऐंशी वर्षांनी.

हा द्रव ढवळतो कोण? वीजघरात कोळसा होता, येथे काय? पहिले कारण उष्णता. गाभा वरच्या प्रावरणाला उष्णता देऊन हळूहळू निवतो आहे, आणि पातेल्यातल्या दुधासारखे त्यात अभिसरण चालते. दुसरे कारण अधिक मौजेचे आहे. निवताना आंतर गाभ्याच्या पृष्ठभागावर लोखंड गोठत जाते. गोठताना ते बरोबरची हलकी द्रव्ये बाहेर टाकते. ती हलकी म्हणून वर उसळतात आणि रस ढवळून काढतात. म्हणजे पृथ्वीचे हृदय जसजसे थिजत जाते तसतसे तिचे जनित्र फिरत राहते. शिवाय वीज फुकट मिळत नाही, हा नियम येथेही आहेच. गाड्यांचा भार वाढला की यंत्राचा आवाज बदलायचा आणि अधिक वाफ सोडावी लागायची, असे आजोबा सांगतात. गाभ्यातही क्षेत्र फार बलवान झाले की ते प्रवाहालाच लगाम घालते, आणि म्हणून ते बेसुमार वाढत नाही.

त्या उसळण्याला शिस्त लावते ती पृथ्वीची परिवलन गती. वाऱ्यांना उजवीकडे-डावीकडे वळवणारी कोरिऑलिस प्रेरणा आपण प्रथम वर्षाला शिकलो. तीच गाभ्यातही काम करते, आणि वातावरणाहून कितीतरी निर्णायकपणे. तिच्यामुळे उसळणारा द्रव पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा उभ्या खांबांत फिरू लागतो, आणि त्या मळसूत्री फिरण्यानेच बलरेषांना हवा तो पीळ मिळतो. चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवांच्या आसपासच का असतात, या प्रश्नाचे उत्तर या खांबांत आहे. दोन गुणांच्या उत्तरात हे आले असते तर बरे झाले असते.

आता प्रतिमानांकडे येतो, कारण हा लेख लिहायला मी बसलो तो मुख्यतः त्यांच्यासाठी. गाभ्यापर्यंत कोणी गेलेला नाही, जाणारही नाही. म्हणून त्याची नक्कल गणकयंत्रात करायची. द्रवाच्या हालचालीचे नियम, उष्णतेचा हिशेब, परिवलन, आणि वर सांगितलेले जमाखर्चाचे खाते, ही सर्व समीकरणे गोल गाभ्यावर मांडून क्षणाक्षणाने पुढे सरकवायची. १९९५ साली अमेरिकेत गॅरी ग्लाट्झमायर आणि पॉल रॉबर्ट्स यांनी असे पहिले पूर्ण त्रिमितीय प्रतिमान प्रसिद्ध केले. त्या काळच्या महासंगणकाला त्यासाठी दोन हजारांहून अधिक तास राबावे लागले आणि त्यात पृथ्वीची सुमारे चाळीस हजार वर्षे सरली. गंमत अशी, की त्या काळात त्या नकली पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आपणहून उलटले! उत्तर दक्षिण झाले. कोणी कळ दाबली नव्हती. समीकरणांच्या पोटातच ती उलथापालथ होती.

हे वाचून मी भारावून गेलो, हे खरे. पण पुढे वाचल्यावर जे कळले तेही लपवता येत नाही. त्या प्रतिमानातला द्रव खऱ्या गाभ्यासारखा नव्हता, आणि आजच्या प्रतिमानांतलाही नाही. परिवलनाच्या मानाने द्रवाचा घट्टपणा किती, हे सांगणारा एक अंक आहे. खऱ्या गाभ्यात तो एकावर पंधरा शून्यांनी भागावा इतका लहान आहे. प्रतिमानांत तो त्याच्या कोट्यवधी, अब्जावधी पट मोठा घ्यावा लागतो. कारण उघड आहे. गाभा आणि प्रावरण जेथे भेटतात तेथे घर्षणाचा जो पातळ पदर असतो, त्याची जाडी खऱ्या पृथ्वीत जेमतेम वीतभर भरेल. २,२६० किलोमीटरच्या द्रवात वीतभर पदर दिसेल इतकी बारीक जाळी कोणताही संगणक विणू शकत नाही. मग शास्त्रज्ञ काय करतात, तर पाण्याऐवजी जवळजवळ थिजलेले डांबर घालून ढवळतात आणि येणाऱ्या उत्तराचे प्रमाण बदलून खऱ्या पृथ्वीशी ताडून पाहतात. आश्चर्य हे, की डांबराच्या त्या पृथ्वीतही दोन ध्रुवांचे क्षेत्र उभे राहते, पश्चिमेकडे सरकणारे पट्टे दिसतात, आणि ध्रुव उलटतात. यावर काही जण म्हणतात, की प्रतिमान बरोबर आहे. माझे मत थोडे सावध आहे. उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर असतेच असे नाही, हे गणिताच्या पेपरात आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रतिमानाची खरी परीक्षा प्रत्यक्ष नोंदींशीच व्हायला हवी, आणि त्या नोंदी वर्षा-दोन वर्षांच्या नव्हे, शतकांच्या हव्यात.

अशा शतकांच्या नोंदी जगात मोजक्याच ठिकाणी आहेत, आणि त्यांतले एक ठिकाण आपल्या शेजारी आहे. मुंबईत कुलाब्याला १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने वेधशाळा उभारली. १८४१ पासून तेथे चुंबकीय मोजणी होऊ लागली आणि १८४६ पासून ती नियमित झाली. सुरुवातीला माणसे दुर्बिणीतून टांगत्या चुंबकाची हालचाल डोळ्यांनी पाहून वहीत लिहीत. १८७२ पासून प्रकाशचित्राच्या कागदावर नोंद होऊ लागली. रात्री-अपरात्री, ऐन पावसात, कंदिलाच्या उजेडात तो आकडा कोणी लिहिला, त्यांतल्या बहुतेकांची नावे इतिहासात नाहीत. आपण लिहितो त्या आकड्याचा उपयोग पृथ्वीच्या गाभ्यातल्या प्रवाहाचा वेग काढायला होईल, हे त्यांना स्वप्नातही माहीत असणे शक्य नव्हते, कारण गाभा द्रव आहे हेच तेव्हा सिद्ध झाले नव्हते.

पुढे विसावे शतक उजाडताना मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचे ठरले. विजेची तार म्हणजे चुंबकीय क्षेत्र. ट्राम सुरू झाली की कुलाब्याची नाजूक मोजणी मातीमोल होणार. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी शहरापासून दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर अलिबागची जागा निवडली. तेथील इमारतीसाठी कोकणातला काळा दगड वापरला नाही, कारण आपल्या बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असते. पोरबंदरचा दगड आणला, आणि खिळे-बिजागऱ्यांना लोखंडाऐवजी तांबे-पितळ वापरले. १९०४ पासून अलिबागला नोंद सुरू झाली. पण मूस यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे एका ठिकाणचे आकडे दुसऱ्याशी सांधता यावेत. सरकारी बदलीत इतका विचार! ट्राम धावली १९०७ साली, आणि तोपर्यंत साखळी न तुटता पलीकडे गेलेली होती. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे दोन खंड प्रसिद्ध केले. आज अलिबागचे काम भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते. १९७१ साली स्वायत्त झालेल्या या संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे.

येथे आमच्या ठाकुर्लीचा संबंध थोडा उलटा येतो. १९२५ साली मुंबईत विजेची रेल्वे सुरू झाली आणि तिचे रूळ लवकरच कल्याणच्याही पलीकडे गेले. ही वीज एकदिश, दीड हजार व्होल्टची. अशा विजेचा परतीचा प्रवाह रुळांतून जाताना काही अंशी जमिनीतही झिरपतो आणि आसपासच्या चुंबकमापकांना वेडे करतो. म्हणजे ज्या शत्रूपासून मूस पळाले, त्याच शत्रूला आमचे आजोबा आणि त्यांचे सहकारी पाळीपाळीने कोळसा घालीत होते! आमच्या मार्गावर ती एकदिश वीज जाऊन प्रत्यावर्ती वीज पूर्णपणे आली, तोवर २०१५ साल उजाडले.

या नोंदींतून गाभ्याची गोष्ट वेगळी काढणे सोपे नाही. अलिबागला एकूण चुंबकीय क्षेत्र सुमारे ४३,००० नॅनोटेस्ला आहे. त्यात सूर्यामुळे दिवसभरात काही दहा नॅनोटेस्लांचा चढउतार होतो, आणि सौर वादळ आले तर त्याहून कितीतरी मोठा. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध सौर वादळ आले तेव्हा कुलाब्याच्या वहीत सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली. ती नोंद आजही जगभर वापरली जाते. २००३ साली भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तिचा नव्याने अभ्यास केला. पण हे सारे वरून आलेले. गाभ्यातून येणारा बदल संथ असतो. वर्षाची सरासरी काढली की वरची खळबळ बरीचशी गळून जाते आणि तो संथ बदल उरतो. वरचे आणि खालचे वेगळे करण्याची गणिती रीत कार्ल गाउस यांनी १८३९ साली दिली, आणि क्षेत्राचा बहुतेक सर्व भाग पृथ्वीच्या आतूनच येतो हे तेव्हाच ठरले.

वेधशाळांच्याही आधीचे काय? तेथे खलाशी कामी आले. जहाजावर होकायंत्राची उत्तर आणि ताऱ्यांवरून काढलेली उत्तर यांतला फरक रोजनिशीत लिहिण्याची पद्धत होती. अँड्र्यू जॅक्सन, आर्ट योंकर्स आणि मॅथ्यू वॉकर यांनी अशा हजारो जुन्या रोजनिश्या चाळून २००० साली चारशे वर्षांचे एक प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या रोजनिश्याही आहेत. व्यापाराला आणि पुढे राज्य करायला आलेल्या जहाजांनी नकळत एवढे एक काम बरे केले.

तरीही गाभ्याचे चित्र आपल्याला अंधुकच दिसते, आणि याला जबाबदार कोण, तर आपल्या पायांखालचा दगड. मलंगगडाचा कातळ, मुंब्र्याचे डोंगर, सारे बेसाल्ट. आणि अशा खडकांना स्वतःचे थोडे चुंबकत्व असते. गाभ्याच्या क्षेत्रातले बारीक तपशील या भूकवचाच्या चुंबकत्वात बुडून जातात. आपल्याला फक्त मोठे मोठे ठसे दिसतात, जसे गोधडीआडून दिव्याचा उजेड दिसावा. पण हाच पडदा दुसऱ्या बाजूने साक्षीदारही आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड होत असताना त्या क्षणीचे चुंबकीय क्षेत्र त्यात कोरले गेले. १९५० च्या दशकापासून परदेशी संशोधकांनी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी दख्खनचे दगड मोजले, तेव्हा सह्याद्रीच्या खालच्या थरांतली सुई आजच्या उलट दिशेला निघाली. महाबळेश्वरच्या उंचीवरच्या थरांत ती पुन्हा सुलट. म्हणजे घाट चढताना आपण एका ध्रुव-उलथापालथीतून वर येतो! शिवाय सुईचा कल असा, की तो लाव्हा दक्षिण गोलार्धात थिजला असला पाहिजे. भारत तेव्हा तेथे होता.

शेवटची अशी उलथापालथ पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाली. १८४० पासून आजवर पृथ्वीचे द्विध्रुवी क्षेत्र सुमारे नऊ टक्क्यांनी घटले आहे, त्यावरून वर्तमानपत्रे अधूनमधून प्रलयाची बातमी देतात. त्यात घाबरण्यासारखे मला काही दिसत नाही. अशी घट पूर्वीही होऊन भरून आली आहे, आणि उलथापालथ व्हायची तरी तिला हजारो वर्षे लागतात. प्रतिमानांचे आजचे काम त्याहून साधे आणि उपयोगी आहे: हवामानखात्यासारखा पुढचा अंदाज सांगणे. जहाजे, विमाने, अगदी आपल्या खिशातले फोनसुद्धा चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका जागतिक प्रतिमानावरून काढतात. मुंबईकडे हा फरक एका अंशाहूनही कमी, त्यामुळे आपल्याला त्याचे काही वाटत नाही. पण उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाकडून सायबेरियाकडे वर्षाला पन्नास किलोमीटरच्या वेगाने निघाला, तेव्हा पाच वर्षांनी एकदा सुधारायचे ते प्रतिमान २०१९ च्या फेब्रुवारीत मुदतीपूर्वीच बदलावे लागले. आजचे प्रतिमान २०२५ चे, २०३० पर्यंत चालावे अशी अपेक्षा आहे.

२०१३ पासून युरोपचे तीन उपग्रह वरून हे क्षेत्र मोजीत आहेत. असे असताना अलिबाग कशाला हवे, असे कोणी विचारील. उपग्रह सतत धावत असतो. एकाच जागी उभे राहून दीडशे वर्षे पाहणे त्याला जमत नाही. आणि वेधशाळेतल्या स्वयंचलित उपकरणांचाही शून्य हळूहळू सरकतो, त्यामुळे त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. म्हणून आजही अशा वेधशाळेत ठरावीक दिवसांनी एक माणूस लोखंडविरहित कोनमापक घेऊन मोजणीच्या खोलीत जातो. जाण्यापूर्वी तो घड्याळ, किल्ल्या, फोन आणि कमरेचा पट्टा बाहेर काढून ठेवतो, कोन डोळ्याने पाहतो, आणि आकडा लिहून घेतो.